पहिली कमाई, तीही घरबसल्या

जानेवारी उजाडला की मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात हायस्कुलातल्या मुलांचे आईवडील एकमेकांना हटकून विचारतात, "यंदा समरला काय?" पूर्वी उत्तर सोपे असे. लायब्ररीत पुस्तके लावणे, हॉस्पिटलात स्वयंसेवा, फार तर एखाद्या दुकानात कॅश रजिस्टर. हल्ली तिसऱ्या वाक्यालाच "रिमोट इंटर्नशिप" येते. न्यू जर्सीत मी गेली बरीच वर्षे लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतो. त्यामुळे या इंटर्नशिपचे कौतुक माझ्यापर्यंत उशिरा पोचते, आणि तिची कागदपत्रे आधी!

सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो. ज्या इंटर्नशिपमध्ये मुलाला पैसे मिळतात ती इंटर्नशिप. ज्यात आपण पैसे भरतो तो क्लास. क्लास वाईट असतो असे नव्हे. पण ओळखीच्या एका कुटुंबाने काही हजार डॉलर भरून मुलाला "रिसर्च इंटर्नशिप" घेऊन दिली, आणि हाती आले ते एक सर्टिफिकेट व झूमवरची आठ व्याख्याने. तेवढ्याच आठवड्यांत शेजारच्या मुलीने एका छोट्या कंपनीच्या हिशोबाच्या तक्त्यांतल्या चुका शोधून काढल्या आणि तासाचे पंधरा डॉलर मिळवले. दुसऱ्याला उपयोगी पडले म्हणून कोणी पैसे दिले, हा अनुभव विकत मिळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि "कमवा आणि शिका" हे तिथल्या शिक्षणाचे अंग झाले, हे आपल्यापैकी सातारा-कराडकडच्या मंडळींना सांगायला नको.

घरबसल्या कामाचा एवढा आग्रह का? उपनगरात राहणाऱ्यांना ते कळेल. न्यू जर्सीत मुलाला एकट्याने गाडी चालवायला सतरावे वर्ष लागावे लागते, बसचा पत्ता नसतो आणि आईवडील दोघेही नोकरीवर. मुलगा हुशार असला तरी कामावर पोचणार कसा? अशी कामे मोठ्या प्रमाणावर देता येतात हे न्यूयॉर्क शहराने दाखवलेले आहे. तिथली उन्हाळी युवा रोजगार योजना १९६३ पासूनची. २०२० च्या वसंतात कोविडमुळे ती रद्द झाली, बरीच ओरड झाली, आणि त्याच उन्हाळ्यात "समर ब्रिज" नावाने ३५ हजार मुलांसाठी ऑनलाइन स्वरूपात ती पुन्हा उभी राहिली. सारे घाईघाईत झाले. पण घरी बसलेल्या पोराला शहर मेहनताना देऊ शकते, हे सिद्ध झाले. २०२२ मध्ये मूळ योजनेत १ लाख जागा ठेवल्या गेल्या. वय १४ ते २४, आणि निवड बहुतांशी लॉटरीने. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या वाचकांनी हिवाळ्यातच अर्जाकडे लक्ष ठेवावे. बाकीच्यांनी आपल्या गावाच्या किंवा काउंटीच्या कचेरीत अशी योजना आहे का याची चौकशी करावी, आणि नसेल तर टाउन हॉलच्या सभेत ती मागावी. आपण प्रॉपर्टी टॅक्स काही कमी भरत नाही.

आता सर्वांत नाजूक विषय. एच-४ व्हिसावरच्या मुलांना अमेरिकेत पगारी काम करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना वर्क परमिट मिळते, पण ते पती-पत्नींसाठी, मुलांसाठी नाही. "काम तर घरातूनच आहे, कोणाला कळणार?" असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. काम घरातून केले तरी ते अमेरिकेत केलेलेच काम. पुण्याच्या कंपनीसाठी इथे बसून केले तरी प्रश्न सुटत नाही. बिनपगारी काम म्हणजे सुरक्षित, असेही समजू नये. जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकट केले तरी अडचणीचे ठरू शकते. ग्रीन कार्डासाठी कुटुंबाचा आय-४८५ अर्ज दाखल झालेला असेल तर मुलालाही वर्क परमिट मागता येते. पण भारतीयांची रांग इतकी लांब आहे की अनेक मुलांची एकविशी त्या अर्जाआधीच येते. नासाच्या हायस्कूल इंटर्नशिपला तर अमेरिकन नागरिकत्वच लागते. एकाच घरात इथे जन्मलेली धाकटी पगार आणते आणि तिथे जन्मलेला थोरला हात बांधून बसतो, ही घरे मी पाहिली आहेत. आईवडिलांनी हे मुलाला स्पष्ट सांगावे. नाहीतर तो स्वतःलाच कमी समजतो. स्पर्धा, शाळेचे प्रकल्प, खऱ्याखुऱ्या धर्मादाय संस्थेतली स्वयंसेवा हे मार्ग त्याला खुले असतात. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाची एका तासाची फी द्यावी, ती स्वस्त पडते.

परवानगी असलेल्या मुलांसाठी हिशोब पाहू. समजा उन्हाळ्यात ३,००० डॉलर मिळाले. कंपनीने नोकर म्हणून डब्ल्यू-२ दिला तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे २३० डॉलर कापले जातील. फेडरल इन्कम टॅक्स बहुधा शून्य, कारण २०२५ साठी एकट्या माणसाची स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर आहे, आणि पगाराच्या बाबतीत आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलालाही तिचा फायदा मिळतो. टॅक्स कापला गेला असेल तर रिटर्न भरून परत मागावा. मात्र पुष्कळ रिमोट कंपन्या मुलाला कंत्राटदार दाखवून १०९९ देतात. मग निव्वळ कमाई ४०० डॉलरवर गेली की स्वयंरोजगार कर लागतो. ३,००० वर तो साधारण ४२४ डॉलर. म्हणून कामाच्या आधीच विचारावे, "डब्ल्यू-२ की १०९९?" प्रश्न विचारणारा मुलगा उद्धट ठरत नाही.

उरलेल्या पैशातून मुलाच्या नावाने कस्टोडियल रॉथ आयआरए उघडता येतो. २०२५ ची मर्यादा ७,००० डॉलर किंवा त्याची कमाई, यातली कमी असेल ती. पैसे त्याचेच असले पाहिजेत असे नाही. आजी-आजोबांनी घातले तरी चालतात, कमाई मात्र त्याची हवी. सोळाव्या वर्षी ठेवलेले २,००० डॉलर वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले तर पन्नास वर्षांत सुमारे ५९ हजार होतात. बाजार दरवर्षी ७ टक्के देईल अशी हमी कोणी देत नाही, पण पन्नास वर्षे हातात असणे ही चैन आपल्याला कोणालाच नाही!

सोशल सिक्युरिटी नंबर देताना सावध राहावे. नोकरीसाठी आय-९ फॉर्म लागतो, पण तो नोकरी ठरल्यावर. आधीच नंबर मागणारा, किंवा "हा चेक बँकेत भर, उरलेले पैसे आम्हाला परत पाठव" म्हणणारा मालक नसून चोर असतो. चेक काही दिवसांनी खोटा ठरतो आणि पाठवलेले पैसे आपले गेलेले असतात.

तब्येतीबद्दल थोडे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फेडरल कायद्याने शाळेच्या दिवशी ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तासच काम करता येते, तेही संध्याकाळी सातपर्यंत. १ जून ते लेबर डे रात्री नऊपर्यंत. कॅलिफोर्नियाच्या कंपनीची चार वाजताची मीटिंग आपल्याकडे सातला सुरू होते, हे आधी बघावे. किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद नजर टाकावी, आणि लॅपटॉप अंथरुणात नको.

आपल्या मंडळात डेंटिस्ट आहेत, अकाउंटंट आहेत, दोन-चार माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. प्रत्येकाने एक पगारी जागा काढली तरी डझनभर मुलांची सोय होईल. वेबसाइट सुधारणे, बिले तपासणे, अपॉइंटमेंटची यादी नीट लावणे ही कामे घरून होतात. स्वतःच्या मुलाला कामावर घेतले आणि धंदा एकट्याच्या मालकीचा, कॉर्पोरेशन नसलेला असेल, तर अठरा वर्षांपर्यंत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. काम मात्र खरे हवे, पगार रास्त हवा आणि तासांची वही हवी. न्यू जर्सीत १ जून २०२३ पासून अठराखालच्या मुलांची वर्किंग पेपर्स राज्याच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात, आणि त्यासाठी आधी मालकाने नोंदणी करावी लागते. ज्यांना जागा काढायची आहे त्यांनी ही नोंदणी मार्चमध्येच उरकावी. जूनमध्ये सगळ्यांनाच घाई असते.