वळूचं दूध कसं मोजायचं?

१९४४ साली अमेरिकेत २ कोटी ५६ लाख दुभत्या गाई होत्या. त्या देशात इतक्या गाई पुढे पुन्हा कधीच झाल्या नाहीत. सगळ्यांचं मिळून त्या वर्षीचं दूध भरलं सुमारे ५,३०० कोटी किलो. २०२३ साली तिथे गाई होत्या साधारण ९४ लाख, आणि दूध १०,२०० कोटी किलोंच्या वर. म्हणजे दर तीन गाईंमागे जवळपास दोन गाई गोठ्यातून गेल्या, आणि दूध दुपटीला टेकलं. तेव्हाची सरासरी गाय वर्षाला दोन हजार किलोंच्या थोडं वर दूध द्यायची. आजची सरासरी गाय जवळपास अकरा हजार किलो देते. भाकड दिवस धरूनही रोजचे तीस किलो होतात.

गाय तीच. सडं चारच, पोटाचे कप्पे चारच, गाभण राहण्याचे नऊ महिने तेच. ऐंशी वर्षं म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात काहीच नाही. मग इतकं दूध आलं कुठून?

आधी गाईच्या शरीरात डोकावू. दुधाचं प्रमाण ठरवते ती दुधातली साखर, लॅक्टोज. कासेतल्या पेशी ग्लुकोजपासून लॅक्टोज बनवतात, आणि हे लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी ओढून घेतं. जितकं लॅक्टोज, तितकं पाणी, तितके लिटर. चाळीस लिटर दुधासाठी गाईला रोज जवळपास तीन किलो ग्लुकोज लागतं. आता नवल पाहा: हे ग्लुकोज तिला खाण्यातून जवळजवळ मिळतच नाही. तिच्या कोटीपोटात, त्या दीडशे-दोनशे लिटरच्या आंबवणाच्या टाकीत, अब्जावधी सूक्ष्मजीव चाऱ्यावर आधी ताव मारतात आणि गाईसाठी मागे ठेवतात ती आम्लं. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत कण कण ग्लुकोज घडवतं. रक्तातून ते कासेपर्यंत पोचतं. एक लिटर दूध तयार व्हायला चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. चाळीस लिटरच्या गाईचा हिशेब मांडला, तर पाण्याचे दोन टँकर भरतील इतकं रक्त एका दिवसात तिच्या कासेतून वाहून जातं.

आणि व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर ती खाते त्यापेक्षा जास्त देते. दूध वेगाने चढत जातं, भूक मात्र मागून येते. मधली तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते. शरीर त्या काळात स्वतःच्या स्नायूंना ग्लुकोज कमी घेऊ देतं आणि कासेकडे वळवतं. जास्त दुधाची गाय म्हणजे ही वळवावळव अधिक जोरकसपणे करणारी गाय. ही क्षमता प्रत्येक गाईत सारखी नसते, आणि आईबापांकडून ती वासरांत उतरते. चांगला मुरघास, नेमका खुराक, थंड गोठा, वेळेवरचे उपचार, या सगळ्यांचा दूधवाढीत मोठा वाटा आहेच. पण संशोधकांच्या अंदाजाने निम्म्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिक निवडीचा आहे. माझं खरं कुतूहल तिथेच आहे.

निवडायचं तर आधी मोजायला हवं. १८९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधात गंधकाम्ल घालून, नळी गरगर फिरवून फॅट मोजायची साधी रीत शोधली आणि तिचं पेटंट न घेता ती सगळ्यांना खुली करून दिली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी तशाच तत्त्वावर आपली पद्धत आणली. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रांवर वर्षानुवर्षं जी फॅटची नळी फिरत आली, ती या गर्बर यांचीच. १९०५ साली मिशिगन राज्यातल्या न्यूएगो परगण्यात शेतकऱ्यांनी गाय-तपासणीची संस्था काढली. हेल्मर राबिल्ड हा डॅनिश माणूस त्यामागे होता; डेन्मार्कमध्ये हे आधीच चालू होतं. तपासनीस गोठ्या-गोठ्यांतून फिरायचा, गाईगाईचं दूध तोलायचा, फॅट काढायचा आणि वहीत लिहायचा. त्या वह्यांनी अनेक शेतकऱ्यांना पहिल्यांदाच दाखवलं की गोठ्यातली एखादी गाय खुराकाचे पैसेही फेडत नाही.

पण गाय निवडून फार पुढे जाता येत नाही. एक गाय जन्मभरात देणार मोजकी वासरं. वळूची संतती मात्र शेकड्यांनी होऊ शकते, म्हणून सुधारणेची किल्ली वळूकडे. आणि वळू तर दूधच देत नाही! दूध वाढवण्याचे गुण ज्याच्या अंगात आहेत, त्याच्यात ते दिसण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. ते दिसतात त्याच्या लेकींत. म्हणजे वळू वयात यायचा, त्याच्या लेकी जन्मायच्या, त्या कालवडी मोठ्या होऊन गाभण राहायच्या, व्यायच्या, त्यांचं पहिलं वेत मोजायचं, आणि मग कुठे कळायचं की बाप कसा होता. तोवर पाच-सहा वर्षं उलटलेली.

त्यातही एक पेच होता. एखाद्या वळूच्या लेकींनी भरपूर दूध दिलं, तर ते बापामुळे की मालकाने पेंड सढळ हाताने घातली म्हणून? सगळ्या लेकी एकाच गोठ्यात असतील, तर हे दोन्ही वेगळं करायला वाटच नाही. ती वाट कृत्रिम रेतनाने मोकळी केली. १९३६ साली डेन्मार्कच्या साम्सो बेटावर कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था सुरू झाली. न्यूजर्सीचे एनॉस पेरी तिथलं काम पाहून आले आणि १९३८ साली त्यांनी अमेरिकेतली पहिली तशी संस्था उभी केली. या तंत्राने एका वळूच्या लेकी शेकडो गोठ्यांत पसरल्या: कुठे श्रीमंत गव्हाण, कुठे गरीब, कुठे उन्हाळा कडक, कुठे हिवाळा लांब. या साऱ्या गोठ्यांतून त्या बरोबरीच्या गाईंपेक्षा सरस ठरल्या, तर श्रेय बापाचं. एका वळूची पैदास वाढवणं हा रेतनाचा उघड फायदा. पण त्यामुळे वळूचं मोल नेमकं जोखता आलं, हा मला त्याहून मोठा वाटतो.

१९४९ साली लंडनजवळच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांना गोठवलेले शुक्राणू वाचवण्याचा ग्लिसरॉलचा गुण सापडला. शोध चुकीच्या लेबलामुळे लागला: फळसाखरेची म्हणून वापरलेल्या बाटलीत भलतंच द्रावण होतं, आणि त्यातले कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहिले. बाटलीत नेमकं काय आहे हे त्यांनी शोधून काढलं. पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, रेतमात्रा वर्षानुवर्षं टिकू लागल्या. आज आपल्या गावात डॉक्टर रेताची कांडी भरायला येतात, ती त्या बाटलीचीच देणगी. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली आणि हे तंत्र शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. महाराष्ट्रातल्या गोठ्यांतल्या एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) संकरित गाईंच्या रक्तात या साऱ्या कहाणीचा अंश आहे.

कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी मग गोठा, हंगाम, वय आणि वंश यांचा परिणाम एकाच गणितात वेगवेगळा करून दाखवला. १९७० च्या दशकात वळूंची प्रतवारी त्या गणिताने होऊ लागली आणि दुधाचा आलेख सरळ रेषेत चढत गेला.

इथे पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या वळूविषयी सांगायलाच हवं. तो १९६२ साली नेब्रास्कात जन्मला. त्याच्या १६,००० लेकी, ५ लाख नाती आणि २० लाखांहून जास्त पणत्या झाल्या. होल्स्टीन जातीच्या जनुकसंचातला सुमारे १४ टक्के भाग एकट्या चीफकडून आला, असा अंदाज आहे. त्याच्या वंशाने दूध अफाट वाढवलं. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता, आणि तो कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. एका बाजूने आला तर काही होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला, तर गर्भ पोटातच मरतो.

हा बिघाड सापडला ती रीत मला विलक्षण वाटते. २०११ साली अमेरिकी कृषी खात्याचे शास्त्रज्ञ हजारो होल्स्टीनांच्या डीएनएची माहिती चाळत होते. त्यांना गुणसूत्राचा एक तुकडा दिसला, जो खूप जनावरांत एकेरी होता, पण दुहेरी एकाही जनावरात नव्हता. हिशेबाने काही जनावरांत तो दुहेरी असायलाच हवा होता. ती जनावरं नव्हती, कारण ती जन्मलीच नव्हती. जे समोर नाही त्यावरून रोग ओळखला गेला. पुढच्या अभ्यासात अंदाज निघाला की या एका बिघाडामुळे जगभरात सुमारे ५,२५,००० गर्भपात झाले आणि नुकसान झालं ४२ कोटी डॉलरचं. त्याच वळूमुळे वाढलेल्या दुधाचं मोल मात्र सुमारे ३,००० कोटी डॉलर निघालं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की नफा उघड दिसतो. तरी गाय पुन्हा पुन्हा उलटतेय आणि कारण सापडत नाहीये, अशा गोठ्यात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याची ती वर्षं त्या बेरजेत मावत नाहीत.

नुसतं दूध मोजत गेल्याची किंमत आणखीही होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होल्स्टीन गाईंची गाभण राहण्याची क्षमता सतत घसरत गेली. सगळी ताकद कासेकडे वळवणाऱ्या गाईला गर्भाशयासाठी उरतं थोडं. १९९४ साली अमेरिकेच्या निवड-सूत्रात गाईचं दुभतं आयुष्य आणि कासदाहाची प्रवृत्ती आली, २००३ साली लेकींची गाभण राहण्याची क्षमता आली, आणि काही वर्षांत ती घसरण थांबून आलेख वर वळला. दूधही वाढतच राहिलं.

जातीची जनुकीय विविधता मात्र अजून चिंतेची आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व होल्स्टीन वळूंचे पितृवंश १८८० च्या दशकातल्या फक्त दोन वळूंपाशी जाऊन थांबतात. मग त्यांनी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या राष्ट्रीय साठ्यातून, मागे पडून संपलेल्या वंशांतल्या जुन्या वळूंच्या कांड्या काढल्या आणि आजच्या उत्तम गाईंसाठी वापरल्या. हरवलेल्या वंशांची वासरं पुन्हा जन्मली. कुणीतरी अर्धशतकापूर्वी त्या कांड्या टाकून दिल्या नाहीत, म्हणून.

२००९ पासून लेकींच्या वेताची वाट पाहणंच संपलं. आता वासराच्या कानाचा कण किंवा चार केस तपासून डीएनएवरच्या हजारो खुणा वाचतात, आणि लाखो गाईंच्या जुन्या नोंदींशी ताडून त्याच्या लेकी किती दूध देतील हे सांगतात, त्या लेकी व्हायच्या कितीतरी आधी. वळूंच्या बापांचं सरासरी वय सात वर्षांच्या आसपास असायचं, ते अडीचच्या खाली आलं. खुणा वाचणारं यंत्र नवं आहे, पण त्याला अर्थ मिळतो तो शंभर वर्षांच्या तोलण्या-लिहिण्यातून. त्या वह्या नसत्या, तर डीएनएची ती लांबलचक रांग मुकीच राहिली असती.

१९४४ ते २००७ या काळाची तुलना करणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार, तेवढ्याच दुधासाठी २००७ साली जनावरं २१ टक्के लागली, चारा २३ टक्के, पाणी ३५ टक्के आणि जमीन केवळ १० टक्के. पृथ्वीच्या दृष्टीने ही मोठीच बचत आहे. माणसांचा हिशेब वेगळा निघतो. १९७० साली अमेरिकेत दुभत्या गाई पाळणारी ६ लाख ४८ हजार शेतं होती. २०२३ साली दुधाचा परवाना असलेले कळप उरले २६ हजारांच्या आसपास. हजारो गाईंच्या गोठ्यांपुढे पन्नास गाईंचं घर टिकलं नाही. हा आलेख पाहताना माझा आनंद दर वेळी इथे अडतो.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. भारतात १९५०-५१ साली १.७ कोटी टन दूध होतं, २०२३-२४ साली ते जवळपास २४ कोटी टनांवर गेलं. त्यात म्हशींचा वाटा मोठा आहे, आणि ते येतं दोन-चार जनावरांच्या लाखो गोठ्यांतून. २०१९ च्या पशुगणनेत गोवंशाची एकूण संख्या १९ कोटी २५ लाख होती, आधीच्या गणनेहून एका टक्क्यानेही जास्त नाही. पण आतला बदल केवढा: गाई-कालवडी १८ टक्क्यांनी वाढल्या, बैल-गोऱ्हे ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आला, नांगराचा बैल गेला, आणि गोठा दुधाकडे वळला.

आपल्याला मोठे कळप नकोत, आणि ते यावेत असं मला वाटतही नाही. आपल्याला हवी ती न्यूएगोची वही. एका वळूच्या लेकी शेकडो लहान गोठ्यांत पसरलेल्या असणं ही गणिताच्या दृष्टीने अडचण नाही, उलट सोय आहे, जर प्रत्येकीचं दूध आणि बापाचं नाव एकत्र लिहिलेलं असेल तर. गाई-म्हशींच्या कानात आता बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) मोजलं जातं, पण ते घरच्या सगळ्या जनावरांच्या एकत्र दुधाचं, आणि त्याची पावती निघते मालकाच्या नावावर. महिन्यातून एकदा प्रत्येक गाईची धार वेगळी तोलून तो आकडा तिच्या बिल्ल्यापुढे लिहिला, आणि शेजारी भरलेल्या कांडीवरच्या वळूचा क्रमांक टाकला, तर पुण्याच्या मे महिन्यात, कडब्यावर आणि मुरघासावर, कोणत्या वळूच्या लेकी दूधही देतात आणि वेळेवर गाभणही राहतात, हे इथल्याच गोठ्यांतून कळू लागेल.