कथेंतील विष आणि एका बालिकेचे प्राण

रहस्यकथा हें रिकामपणचें वाचन; त्यानें वेळ तेवढा जातो, पदरीं कांहीं पडत नाहीं, असें मत सुशिक्षित घरांतूनहि वडीलधारी मंडळी बोलून दाखवितात. या मताची पारख व्हावी म्हणून आम्ही प्रसिद्ध इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांचें उदाहरण वाचकांपुढें ठेवीत आहों.

६६ रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवीं झाला. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं तेथील रुग्णालयांत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुढें औषधालयांत काम पत्करून १९१७ सालीं औषधें तयार करून देण्याची परीक्षाहि त्या उत्तीर्ण झाल्या. कोणतें द्रव्य किती मात्रेंत औषध ठरतें आणि किती मात्रेंत प्राण घेतें, हें त्या तेथेंच शिकल्या. १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरींत कुचल्याच्या सत्त्वाचा, म्हणजे स्ट्रिक्निनचा, उपयोग त्यांनीं इतका अचूक केला कीं, औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानें त्याची वाखाणणी केली. तें कोडें येथें उकलून वाचकांचा आनंद आम्ही हिरावून घेत नाहीं.

या अचूकपणाचें फळ बाईंच्या मृत्यूनंतर, १९७७ सालीं, दिसून आलें. कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत आणलेल्या १९ महिन्यांच्या एका बालिकेचा रोग डॉक्टरांस उमगेना. तेथील एक परिचारिका त्या वेळीं बाईंची १९६१ सालची ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी वाचीत होती. तींत थॅलियम नांवाच्या विषाचीं लक्षणें वर्णिलीं आहेत. बालिकेचे केस गळूं लागलेले पाहतांच परिचारिकेस तीं आठवलीं व तिनें आपली शंका बोलून दाखविली. तपासणींत ती खरी ठरली. घरांतील झुरळें-उंदीर मारण्याचें विष हें दुखण्याचें मूळ निघालें. योग्य उपचार झाले आणि मूल बचावलें.

याचें श्रेय एकट्या कादंबरीस देणें न्यायाचें होणार नाहीं. परिचारिकेनें वाचलेलें ध्यानांत ठेवलें, अनुभवी डॉक्टरांपुढें बोलण्याचें धैर्य केलें, आणि त्यांनींहि तें हंसण्यावारी नेलें नाहीं. तरी पण लेखिकेनें लक्षणें मनःकल्पित लिहिलीं असतीं तर हें सारें व्यर्थ होतें.

म्हणून घरांतील मुलांच्या हातीं रहस्यकथा दिसली तर ती काढून घेण्यापूर्वीं, लेखकानें आपला विषय नीट जाणला आहे काय, एवढें पाहावें. आणि आपल्या घरांतील उंदरांचें औषध लहानग्यांच्या हातास लागेल असें तर ठेवलें नाहीं ना, हेंहि गृहिणींनीं आजच एकदां पाहावें.