"व्हिटॅमिनच हाय की ते!"

श्रावणात पन्हाळ्याला आत्याकडे गेले होते. धुकं इतकं की दारातून समोरचा रस्ता दिसेना. चहाचा कप पुढे करताना आत्याची बाही वर सरकली आणि कोपराखाली काळानिळा डाग दिसला. दंडावर आणखी एक. "कुठं आपटलीस?" तर म्हणे, "कुठं न्हाई."

आत्याच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी ती रोज घेते. गोळ्यांचा डबा उघडला तर शेजारी हिरव्या कॅप्सूल, पाकिटावर ४०० असा आकडा. पायात गोळे येतात म्हणून शेजारणीने सुचवलं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळालं. दोन महिने रोज एक चालू. डॉक्टरांना सांगितलं होतंस का, असं विचारलं तर उत्तर आलं, "व्हिटॅमिनच हाय की ते. त्याला काय हुतंय?"

तुमच्याही घरात हेच वाक्य ऐकलं असेल, म्हणून जरा हिशेब करू.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम ई-जीवनसत्त्व पुरतं. कॅप्सूलमधलं ४०० मिलिग्रॅम बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं असतं आणि शरीर त्यातलं निम्म्याहून थोडं कमीच वापरतं. म्हणजे १८० धरा. तरी रोजच्या गरजेच्या बारा पट! १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम असतं. एका कॅप्सूलची बरोबरी करायला दोन किलोहून जास्त शेंगदाणे खावे लागतील, तेही रोज. आपण कोल्हापूरकर शेंगदाण्याच्या चटणीत कितीही पुढे असलो तरी हे जमणार नाही. एवढ्या मात्रेला मी तरी आहार म्हणणार नाही, औषधच म्हणेन.

आता रक्ताचं बघा. जखम झाली की रक्त थांबवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात आणि ती कामाला लागण्याजोगी व्हायला के-जीवनसत्त्व लागतं. आत्याची गोळी नेमकं हे के पुन्हापुन्हा वापरात येणं अडवते. मोठ्या मात्रेतलं ई-जीवनसत्त्वही के-च्या कामात अडथळा आणतं, शिवाय रक्तातल्या बिंबिकांचं एकमेकींना चिकटणं कमी करतं. म्हणजे एकाच गाडीला दोन ब्रेक, आणि दुसरा लावलाय हे डॉक्टरांना माहीतच नाही.

१९७४ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी एका ५५ वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापली. तो अशीच गोळी घेत होता, जोडीला ई-जीवनसत्त्व दिवसाला १२०० युनिटपर्यंत. अंगावर रक्ताचे डाग उठले होते. उलट १९९६ मध्ये अशीच गोळी घेणाऱ्या २१ जणांना ८०० ते १२०० युनिट देऊन पाहिलं, तर फरक दिसला नाही. मग खरं काय? दोन्ही. २१ माणसं फार थोडी, आणि एकाला जे सोसतं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही. म्हणून तर रक्त तपासावं लागतं.

गोळी न घेणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. २०१० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण २२ टक्क्यांनी जास्त निघालं. गाठीमुळे येणारा झटका १० टक्क्यांनी कमी होता, हेही सांगायला हवं. प्रत्यक्षात मुळातला धोका लहान असल्याने साधारण १२५० माणसांमागे एक जादा रक्तस्राव, असा तो आकडा. एकट्या माणसाला नगण्य वाटेल. पण फायद्याशिवाय तो का घ्यायचा? पुरुषांसाठी आणखी एक: ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या 'सिलेक्ट' या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो टळेल या आशेनेच ती चाचणी सुरू केली होती!

आत्याला दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला खाली नेलं. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर तिच्यासाठी २.५ ते ३.५ हवा, निघाला ४.६. कॅप्सूलमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. श्रावणातले उपवास चालू होते, पालेभाजी कमी झालेली, आणि के-जीवनसत्त्व येतं मुख्यतः पालेभाजीतून. दोन्ही कारणं एकाच वेळी लागू. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, गोळीची मात्रा स्वतः ठरवून दिली आणि आठवड्याने परत बोलावलं. डाग दिसले म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने थांबवू नका. धातूच्या झडपेवर गाठ धरली तर ते जिवावर बेतू शकतं. कुठलंही ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर ही हिरवी कॅप्सूलही औषधांच्या यादीत सांगा.

पुढच्या तपासणीत आयएनआर ३.१ आला. पायातले गोळे मात्र आहेत तसेच आहेत. कॅप्सूल घेत होती तेव्हाही होतेच, हे आत्यानेच नंतर कबूल केलं. उरलेली पाकिटं चुलतबहिणीने केसांना लावायला नेली. तिला म्हटलं, आधी कानामागे थोडं लावून बघ, काहींना याने पुरळ उठतं.