खेळ पोटाचा की भक्तीचा?

अमेरिकेत चार चित्रपटवेडे एकत्र बसले आणि गप्पांचा ओघ खेळावरच्या चित्रपटांकडे वळला, म्हणजे दोन वाद हटकून निघतात. बेसबॉलवरचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता, हा पहिला. आणि केव्हिन कॉस्टनर हा नट म्हणून मोठा की दिग्दर्शक म्हणून, हा दुसरा. वरवर पाहता ह्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. परंतु पहिल्या वादात जी दोन नावे अखेरपर्यंत झुंजत राहतात ती 'बुल डरहॅम' (१९८८) आणि 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (१९८९) ही होत, आणि ह्या दोन्ही चित्रपटांचा नायक कॉस्टनरच आहे. दिग्दर्शन मात्र दोहोंचेही त्याचे नव्हे. ज्या माणसाने पुढे दिग्दर्शनाचे ऑस्कर पटकाविले, त्याने बेसबॉलचा एकही चित्रपट स्वतः दिग्दर्शित करू नये, ही गोष्ट आम्हाला फार सूचक वाटते.

आमच्या समजुतीप्रमाणे दोन्ही वादांच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे. खेळ हा पोटाचा धंदा की भक्तीचा विषय?

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकांना ह्या चुलत खेळाची थोडी तोंडओळख करून दिलेली बरी. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. चेंडू दोन ठराविक रेषांच्या आतच मारावा लागतो; पाठीमागे किंवा बाजूला मारलेल्या चेंडूवर धाव मिळत नाही, म्हणजे आपला लेट कट तेथे फुकट. चेंडू फेकणारा तो पिचर, आणि फलंदाजामागे वाकून बसणारा तो कॅचर. वरच्या श्रेणीच्या संघांखाली लहान गावांतल्या संघांची एक लांबलचक शिडी असते, तिला 'मायनर लीग' म्हणतात. शेकडो तरुण ह्या शिडीवर वर्षानुवर्षे बसगाडीतून हिंडतात आणि त्यांतले बहुतेक वर पोचतच नाहीत.

'बुल डरहॅम' हा ह्या शिडीचा चित्रपट आहे. त्याचा लेखक व दिग्दर्शक रॉन शेल्टन हा स्वतः बाल्टिमोर ओरिओल्सच्या खालच्या संघांतून पाच वर्षे खेळला होता, आणि वरच्या श्रेणीत त्याचे पाऊल कधी पडले नाही. ही माहिती नसतानाही चित्रपट पाहणाऱ्याला ती जाणवावी, इतका त्यातला तपशील सच्चा आहे. क्रॅश डेव्हिस हा मुरलेला कॅचर उत्तर कॅरोलायनातील डरहॅम गावी येतो, तो एका उर्मट पण विलक्षण ताकदीच्या पिचरला वळण लावण्यासाठी. हा पिचर वर जाणार आणि आपण खालीच राहणार, हे क्रॅशला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याच्या गाठीला वरच्या श्रेणीतले उणेपुरे एकवीस दिवस आहेत. बसमध्ये तो ह्या पोराला, वार्ताहरांशी बोलताना कोणती गुळगुळीत वाक्ये पाठ म्हणावीत, ह्याची शिकवणी देतो. सामना ऐन रंगात असताना खेळाडू मैदानाच्या मध्यभागी जमतात, तेव्हा आपल्याला वाटते की काही डावपेच ठरत असतील. त्यांच्यातला एक विषय असतो एका सोबत्याच्या लग्नात आहेर काय द्यावा हा! ज्याने कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला हे दृश्य वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. मायनर लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारण्याचा विक्रम क्रॅशच्या नावावर लागतो. तो कोणाला फारसा कळतही नाही, आणि कळला तरी अशा विक्रमाचा अभिमान धरावा की लाज, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. चित्रपटात शेवटचा थरारक सामना नाहीच. आमच्या मते हेच त्याचे मोठेपण.

'फील्ड ऑफ ड्रीम्स' दुसऱ्या टोकाला उभा आहे. आयोवातल्या एका शेतकऱ्याला मक्याच्या शेतात एक आवाज ऐकू येतो, आणि तो उभे पीक नांगरून तेथे बेसबॉलचे मैदान तयार करतो. कर्ज फिटत नाही, शेतावर जप्तीची पाळी येते, गावकरी हसतात; आणि एका संध्याकाळी मक्यातून शूलेस जो जॅक्सन चालत येतो. हा जॅक्सन इतिहासातला खरा माणूस. १९१९च्या अजिंक्यपदाच्या मालिकेत जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आला, त्यांतला तो एक. १९२१ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, तरी खेळाचे नवे आयुक्त न्यायाधीश लँडिस ह्यांनी आठही जणांना जन्माचे बाहेर काढले. त्या मालिकेत जॅक्सनने बारा वेळा यशस्वी फटके मारले होते, हे त्याचे चाहते आजही बोटांवर मोजून दाखवितात. १९५१ साली तो वारला. चित्रपट त्याच्यावर खटला चालवीत नाही, त्याला मैदान देतो.

आता चाहत्यांचा लाडका आक्षेप. खरा जॅक्सन डावखुरा फलंदाज होता, आणि चित्रपटात रे लिओटा बेधडक उजव्या हाताने खेळतो. त्याच कांडावरच्या 'एट मेन आउट' (१९८८) ह्या चित्रपटात ही चूक टाळली आहे, तेव्हा सबबीला जागा नाही. परंतु मेलेला माणूस मक्यातून चालत आलेला ज्याला चालतो, त्याने त्याच्या हातावर अडून बसावे, ही भाविकांची तऱ्हा मोठी मजेची आहे. देव भेटला तरी मुकुट तपासायचा!

रसाळ अश्रूंमुळे ह्या चित्रपटाला भाबडा म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी डॉक्टर ग्रॅहमचा प्रसंग पुन्हा पाहावा. आर्चिबाल्ड ग्रॅहम हाही खराच. १९०५ साली तो न्यूयॉर्क जायंट्सकडून अवघा एक सामना खेळला, त्यात त्याला फलंदाजी मिळालीच नाही, आणि पुढचे आयुष्य त्याने मिनेसोटातल्या चिझम गावी डॉक्टरकी करून घालविले. चित्रपटात तो तरुण होऊन ह्या मैदानावर येतो आणि त्याला हुकलेली संधी मिळते. इतक्यात शेतकऱ्याची मुलगी पडते, तिच्या घशात घास अडकतो. मैदानाची रेषा ओलांडली की तो पुन्हा म्हातारा होणार आणि परत फिरता येणार नाही, हे कळत असूनही तो ती ओलांडतो. भक्तीच्या ह्या चित्रपटात ऐन मोक्याच्या क्षणी धंदा जिंकतो, आणि तोही वैद्याचा. उलट 'बुल डरहॅम'ची सुरुवात होते ती बेसबॉल हाच आपला धर्म असे सांगणाऱ्या एका स्त्रीच्या मनोगताने. प्रत्येक चित्रपटाच्या पोटात दुसऱ्याचा पक्ष असा दडलेला आहे, म्हणूनच दोन्ही टिकले.

इतर उमेदवारांविषयी थोडक्यात. 'द नॅचरल' (१९८४) डोळ्यांना सुंदर. पण मॅलामडच्या कादंबरीतला नायक शेवटी बाद होतो आणि चित्रपटातला फटका मारून दिवे फोडतो, हा बदल आम्हाला रुचला नाही. 'मनीबॉल' (२०११) हा निखळ हिशेबाचा चित्रपट, आणि हिशेब इतका रंगू शकतो ह्याचे नवल वाटते. कॉस्टनरचाच 'फॉर लव्ह ऑफ द गेम' (१९९९) सॅम रायमीने दिग्दर्शित केला. त्यात एक थकलेला पिचर समोरच्या सत्तावीसही फलंदाजांना एकदासुद्धा बेसवर पोचू देत नाही. मैदानावरचा भाग उत्तम, प्रेमकथेचा भाग रेंगाळणारा.

आता दिग्दर्शक कॉस्टनर. 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज' (१९९०) तीन तासांचा, त्यातले बरेचसे संवाद लकोटा भाषेत. पूर्ण होण्यापूर्वी त्याची यथेच्छ टवाळी झाली, आणि नंतर त्याला सात ऑस्कर मिळाली. स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' त्याच वर्षी मागे पडला, हे दुखणे चित्रपटप्रेमींना अजून बरे झालेले नाही. आम्ही मात्र ह्या चित्रपटाच्या बाजूने आहोत, आणि त्याचे कारण त्यातली भव्य कुरणे नव्हेत. एक सैनिक परक्या लोकांची भाषा एकेक शब्दाने शिकतो, हातवारे करतो, रेडा होऊन दाखवितो, हसे करून घेतो. ही मेहनत आहे, आणि तिच्यामुळे चित्रपटातल्या भक्तीला वजन येते. येथेही भाषेचा आक्षेप निघालाच. लकोटात स्त्रीपुरुषांच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटचे शब्द वेगळे असतात. चित्रपटात योद्धे बायकांसारखे बोलतात, असे रसेल मीन्स ह्या लकोटा नेत्याने म्हटले. 'जातो' आणि 'जाते' ह्यांतला फरक ज्याच्या कानात आहे त्या मराठी माणसाला ही चूक किती टोचली असेल, हे सांगायला नको.

'द पोस्टमन' (१९९७) मध्ये मात्र सगळाच तोल गेला. उद्ध्वस्त अमेरिकेत एक भटक्या टपाल वाटू लागतो आणि त्यातून राष्ट्र पुन्हा उभे राहते, ही कल्पना वाईट नाही. पण टपाल वाटण्याचे काम आपल्याला दिसते थोडे आणि त्याची आरतीच जास्त. अखेरीस नायकाच्या पुतळ्याचे अनावरण! शेल्टनसारखा चेष्टेखोर माणूस शेजारी असता तर त्याने हा पुतळा बसू दिला नसता. कॉस्टनरचा खरा गुण म्हणजे निष्कपट श्रद्धेने बोलणे. हा गुण दुसऱ्याच्या हाती सोपविला की फळाला येतो. स्वतःच्या हाती असला की त्याला आवरायला पंच उरत नाही. 'ओपन रेंज' (२००३) हा ह्याला अपवाद, कारण तो गुराख्यांच्या कामाचा चित्रपट आहे. पाऊस, चिखल, गुरे ह्यांत पहिला भाग जातो. आणि मरणाच्या लढाईला निघालेले दोघे गडी आधी दुकानात जाऊन उंची चॉकलेट विकत घेतात. पुढे २०२४ साली 'होरायझन' मालिकेचा पहिला भाग आला, तोही तीन तासांचा. त्याला गल्ला जमला नाही, आणि दुसऱ्या भागाचे ठरलेले प्रदर्शन मागे घ्यावे लागले.

एक आक्षेप मात्र चेष्टेवारी नेता येत नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकातल्या वरच्या श्रेणीत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मध्ये जुन्या खेळाचे मोठेपण एका कृष्णवर्णीय लेखकाच्या तोंडी आहे, जेम्स अर्ल जोन्सच्या त्या घनगंभीर आवाजात. आणि मक्यातून बाहेर येणारे खेळाडू मात्र सारे गोरे. त्या काळच्या भेदाचे बळी ठरलेल्यांना मेल्यानंतरही बोलावणे गेले नाही. पेनी मार्शल ह्या नटी-दिग्दर्शिकेने 'अ लीग ऑफ देअर ओन' (१९९२) मध्ये स्त्रियांच्या संघांची कथा सांगताना हे भान एका लहानशा दृश्यात ठेवले. रेषेबाहेर गेलेला चेंडू एक कृष्णवर्णीय स्त्री उचलते आणि इतक्या जोराने परत फेकते की झेलणारीचा हात चुरचुरतो. ती काही बोलत नाही. ह्या एका फेकीला आम्ही 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मधल्या सबंध भाषणापेक्षा वरचे स्थान देतो, आणि तरीही शेवटी पितापुत्र चेंडू झेलू लागले की आमचेही डोळे ओलावतात.

मे २०२५ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी जॅक्सनसह काही मृत खेळाडूंवरची बंदी उठविली. त्याच्या चार वर्षे आधी, १२ ऑगस्ट २०२१ रोजी, आयोवातल्या डायर्सव्हिल गावी चित्रपटातल्या शेताला लागूनच बांधलेल्या मैदानावर वरच्या श्रेणीचा खराखुरा सामना झाला. मक्यातून आधी कॉस्टनर चालत आला, मागून जॅक्सनचाच संघ व्हाइट सॉक्स आणि त्यांचे प्रतिस्पर्धी यांकीज. शेवटच्या डावात टिम अँडरसन ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने चेंडू मक्यात भिरकावला आणि व्हाइट सॉक्सने ९–८ असा सामना जिंकला. अँडरसन, बरे का, खरोखरच उजव्या हाताने खेळतो.