हातपाय बरे झाले, लक्षाचे काय?

२३ एप्रिल १९६२, ईस्टरचा सोमवार. इंग्लंडमधील गुडवूडच्या ट्रॅकवर ‘ग्लोव्हर ट्रॉफी’ची शर्यत सुरू होती. गाड्या एकआसनी, फॉर्म्युला वनच्या. पण या शर्यतीचे गुण जागतिक अजिंक्यपदासाठी धरले जात नव्हते. गिअरच्या बिघाडामुळे मागे पडलेला स्टर्लिंग मॉस वेगाने गाडी हाकत होता. सेंट मेरीज वळणाजवळ त्याची लोटस ट्रॅक सोडून मातीच्या बांधावर आदळली. चेपलेली गाडी कापून त्याला बाहेर काढावे लागले. शर्यत ग्रॅहम हिलने जिंकली, पण ती लक्षात राहिली मॉसमुळे.

३२ वर्षांचा मॉस सुमारे महिनाभर बेशुद्ध होता. डाव्या बाजूचा अर्धवट लकवा सहा महिने टिकला. शरीराच्या डाव्या बाजूवर मेंदूच्या उजव्या भागाचे नियंत्रण असते, त्यामुळे मार कुठे बसला याचा अंदाज येतो.

मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ असतो. वेगातले डोके एकदम थांबले की कवटी थांबते, मेंदू मात्र आत हिंदकळतो. त्याला खरचटते आणि पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. तेव्हाच्या एक्स-रेमध्ये हाड दिसे, मेंदू नाही. मॉसवर उपचार झाले त्याच लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी जगातील पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मॉससाठी मात्र तो ९ वर्षे उशिरा आला.

मे १९६३ मध्ये मॉस पुन्हा गुडवूडला गेला आणि एकट्याने गाडी चालवून पाहिली. वेग वाईट नव्हता. पण पूर्वी आपोआप होणारी प्रत्येक गोष्ट आता विचार करून करावी लागते, हे त्याला जाणवले. त्याच दिवशी त्याने निवृत्तीचा निर्णय घेतला. हा निर्णय घाईचा झाला, मेंदूला आणखी वेळ द्यायला हवा होता, असे त्याने पुढे कबूल केले.

हे समजायला सोपे आहे. स्कूटर शिकताना क्लच, ब्रेक, आरसा यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. सरावाने ते काम मेंदूतील खोलवरची केंद्रे आणि लहान मेंदू सांभाळतात आणि आपले लक्ष रस्त्यासाठी मोकळे राहते. डोक्याच्या दुखापतीत ही जोडणी विस्कटू शकते. हातपाय चालू लागले, बोलणे नीट झाले, तरी लक्ष न टिकणे, लवकर थकवा येणे, चिडचिड, विसराळूपणा हे महिनोन्‌महिने राहू शकते. साध्या सीटी स्कॅनमध्ये तंतूंची बारीक इजा दिसेलच असे नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हा नाटक करतोय’ असे घरच्यांनी म्हणू नये.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट, हातापायांत कमजोरी किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त आल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. गंभीर दुखापतीनंतर पुन्हा वाहन कधी चालवायचे, हे अंगातल्या ताकदीवर ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे. आणि हेल्मेट नुसते डोक्यावर ठेवू नये, त्याचा पट्टाही बांधावा.

मॉस २०२० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी गेला. शरीर सावरले म्हणजे मेंदूही सावरला असे नाही, आणि आज सावरला नाही म्हणजे कधीच सावरणार नाही असेही नाही. त्याला वेळ लागतो. तो दिला पाहिजे.