औषधाआधीचा हिशेब

औषध कंपनी म्हटली की आपल्यासमोर पांढरा डगला घातलेला, हातातील काचेची नळी उजेडात धरून पाहणारा शास्त्रज्ञ उभा राहतो. त्यामुळे दहावीनंतर मुलाने अगर मुलीने कॉमर्स घेतले की औषधांच्या दुनियेचा दरवाजा आता बंद झाला, असे घरातली मंडळी धरून चालतात. बी.कॉम. झाल्यावर बँकेची परीक्षा द्यावी, नाहीतर एखाद्या दुकानाची वहीखाती सांभाळावीत, एवढाच सल्ला मिळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. एखादे औषध तयार होणार की नाही, झालेच तर ते गरिबाच्या खिशाला परवडणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा प्रयोगशाळेच्या आधी हिशेबाच्या टेबलावर होतो. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या कामाला इंग्रजी वळणाने ‘स्ट्रॅटेजिक फायनान्स’ म्हणतात. आपण त्याला पुढचा विचार करणारे अर्थनियोजन म्हणू.

मागचा हिशेब आणि पुढचा हिशेब

जैवतंत्रज्ञान म्हणजे जिवंत पेशींकडून, जिवाणूंकडून उपयोगी पदार्थ तयार करून घेण्याचे शास्त्र. मधुमेहींचे इन्सुलिन, काविळीची हिपॅटायटिस-बी लस, कर्करोगावरील कित्येक नवी औषधे याच वाटेने येतात. या धंद्याची अडचण अशी की खर्च आज सुरू होतो आणि विक्री दहा-बारा वर्षांनी, तीही झाली तर. माणसांवरील चाचण्या सुरू झालेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एखादेच शेवटी बाजारात पोहोचते.

नेहमीचा हिशेबनीस झालेला खर्च लिहितो. अर्थनियोजन करणारा न झालेला खर्च मांडतो. कंपनीकडे आज किती महिन्यांचा दाणागोटा शिल्लक आहे, पुढची चाचणी सुरू करायची तर पैसा कर्जाने आणावा, भागीदाराकडून आणावा की शेअर विकून, कोणते संशोधन चालू ठेवावे आणि कोणते थांबवावे, हे प्रश्न त्याचे. त्यासाठी त्याला दर आठवड्याला शास्त्रज्ञांशी, कारखान्याच्या माणसांशी आणि गुंतवणूकदारांशी बोलावे लागते. संचालक मंडळापुढे जाणारी आकडेमोड त्याच्या हातची असते.

या कामाची सुरुवात

हे काम कसे घडत गेले, हे अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनीवरून कळते. १९७६ साली रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण गुंतवणूक व्यवसायातला माणूस आणि हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ यांनी ती काढली. पहिली मोठी रक्कम होती एक लाख डॉलर. एवढ्यात स्वतःची प्रयोगशाळा उभी राहणे शक्य नव्हते. म्हणून सुरुवातीचे काम विद्यापीठाच्या आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत करून घेतले. एक टप्पा सिद्ध झाला की तो दाखवून पुढच्या टप्प्याचा पैसा उभा करायचा, ही रीत तिथे पडली.

१९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले. ते कारखान्यात बनवून विकण्याची ताकद कंपनीपाशी नव्हती. तेव्हा एली लिली या जुन्या औषध कंपनीशी करार झाला. बनवायचे आणि विकायचे लिलीने, विक्रीवर रॉयल्टी मिळायची जेनेन्टेकला. १९८२ मध्ये त्या इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधीच, ऑक्टोबर १९८० मध्ये, स्वतःचे एकही औषध बाजारात नसताना कंपनीने शेअर विक्रीला काढले. ३५ डॉलरचा शेअर तासाभरात ८८ डॉलरपर्यंत चढला.

रॉयल्टीवर पोट भरते, पण घर मोठे होत नाही. पुढचे औषध स्वतः विकायचे तर चाचण्यांचा खर्च स्वतः उचलायला हवा. कंपनीचे वित्तप्रमुख फ्रेड मिडलटन यांनी त्यासाठी वेगळी भागीदारी उभी केली. बाहेरच्या श्रीमंतांनी विशिष्ट औषधांच्या चाचण्यांत पैसा घालायचा आणि औषध चालले तर विक्रीत वाटा घ्यायचा. १९८५ मध्ये वाढीच्या हार्मोनचे औषध जेनेन्टेकने स्वतःच्या नावाने बाजारात आणले. शास्त्रज्ञांचे श्रेय मोठेच आहे. पण पैशाची ही जुळणी झाली नसती तर कंपनी दुसऱ्यांसाठी संशोधन करणारी उपकंत्राटदार राहिली असती.

एक छोटे गणित

हे टेबलावरचे गणित कसे असते ते पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत.

मानून चला, एक औषध यशस्वी झाले तर दहा वर्षांनी कंपनीला १,००० कोटी रुपये देईल. चाचण्यांचे टप्पे तीन. पहिल्याचा खर्च १० कोटी, दुसऱ्याचा ३०, तिसऱ्याचा १२०. पहिला पार पडण्याची शक्यता निम्मी, दुसरा तिनात एक, तिसरा पाचांत तीन. तिन्ही पार पडण्याची शक्यता दहात एक.

खर्चाची बेरीज १६० कोटी दिसते. पण पहिल्याच टप्प्यात औषध फसले तर पुढचे १५० कोटी वाचतात. म्हणून शक्यतेच्या मापाने खर्च धरला तर तो १०, अधिक १५, अधिक २०, असा ४५ कोटी होतो. मिळकत दहात एक या मापाने १०० कोटी. वरवर पाहता सौदा चांगला.

आता वेळेचा विचार करा. दहा वर्षांनी मिळणारे १०० कोटी म्हणजे आजचे १०० कोटी नव्हेत. पैसा देणारा दरसाल १२ टक्के मागत असेल तर त्यांची आजची किंमत सुमारे ३२ कोटी भरते. दुसरा टप्पा दोन वर्षांनी, तिसरा पाच वर्षांनी धरून खर्चही तसाच आजच्या भावात आणला तर तो सुमारे ३३ कोटी होतो. सौदा तोट्यात, फाइल बंद! पण पैसा देणारा ८ टक्क्यांवर समाधान मानत असेल तर मिळकत सुमारे ४६ कोटी आणि खर्च साडेछत्तीस कोटींच्या आसपास येतो. फाइल उघडी राहते.

औषध तेच, शास्त्रज्ञ तेच, रोगी तेच. फक्त पैशाचा भाव बदलला. गरिबांच्या आजारावरची औषधे मागे का पडतात, याचे एक मोठे कारण या गणितात आहे. तिथे मिळकतीचा आकडाच लहान असतो, म्हणून महाग पैसा त्या वाटेला जातच नाही. सरकारी अनुदानाचे महत्त्व इथे कळते. आपल्या देशात केंद्र सरकारने २०१२ मध्ये स्थापन केलेली बायरॅक ही संस्था नव्या कल्पनांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना चालवते, ती याच पहिल्या, सर्वांत धोक्याच्या टप्प्यासाठी.

हैदराबाद आणि पुणे

१९९३ साली हैदराबादेत वरप्रसाद रेड्डी या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियराने शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली. नाव आईचे. उद्देश, हिपॅटायटिस-बी ची लस देशातच तयार करावी. त्या वेळी ती परदेशातून येई आणि सामान्य घराला तिची किंमत झेपत नसे. असल्या कामाला भांडवल देणारे देशात मिळेनात. अखेर ओमानचे परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलवी पैसा घेऊन पाठीशी उभे राहिले. ऑगस्ट १९९७ मध्ये लस बाजारात आली. पुढे इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि लसीचा भाव कोसळला.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण आणखी बोलके आहे. आफ्रिकेत १९९६-९७ मध्ये मेंदूज्वराची साथ आली, तिने सुमारे २५ हजार माणसे नेली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या अनुदानावर लसीची योजना हाती घेतली. आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले की डोसची किंमत ५० सेंटच्या आत हवी, नाहीतर लस असून नसल्यासारखी. मोठ्या परदेशी कंपन्यांना तो भाव जमेना. मग गणित उलटे मांडले गेले. आधी किंमत ठरली, मग त्या किमतीत बसेल अशी जुळणी झाली. कच्चा माल नेदरलँड्समधून, तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेतून, निर्मिती पुण्यात. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. मेंदूज्वराच्या ज्या प्रकारावर ही लस होती, तो त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसा झाला.

नाही म्हणण्याची नोकरी

या कामात मान आहे, पगारही बरा असतो, पण एक ओझे आहे. रोगी वाट पाहत असतात, शास्त्रज्ञाने आयुष्याची दहा वर्षे घातलेली असतात, आणि आकडे सांगतात की हे थांबवा. ते तोंडावर सांगावे लागते. याहून कठीण प्रसंग म्हणजे मालकालाच गोड आकडे हवे असतात तेव्हाचा. अमेरिकेतील थेरानोस कंपनीने रक्ताच्या थेंबावर सगळ्या तपासण्या करून दाखवण्याचा दावा केला. २००६ मध्ये तिच्या वित्तप्रमुखाने गुंतवणूकदारांना दाखवल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकाच्या खरेपणावर प्रश्न विचारला, तेव्हा त्याची नोकरी गेली, असे पत्रकार जॉन कॅरीरू यांनी नोंदवले आहे. पुढे कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलर मानली गेली आणि यंत्र मात्र चालतच नव्हते. २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. प्रश्न विचारणाऱ्याचे वेळेवर ऐकले असते तर पैसाही वाचला असता आणि चुकीचे अहवाल हाती पडलेल्या रोग्यांची फरफटही टळली असती.

या वाटेला कसे जावे?

सनदी लेखापाल म्हणजे सी.ए., कॉस्ट अकाउंटंट किंवा वित्त विषय घेऊन एम.बी.ए., हे तीन नेहमीचे मार्ग आहेत. सी.ए.ची वाट पैशाने तुलनेने स्वस्त, कष्टाने महाग. बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. करून मग एम.बी.ए. करणाऱ्यांनाही मागणी असते, कारण त्यांना दोन्ही बाजूंची भाषा कळते. कॉमर्सवाल्याने चाचणीचे टप्पे, पेटंट, परवानगी यांची माहिती करून घ्यावी आणि सायन्सवाल्याने ताळेबंद वाचायला शिकावे. संगणकावर एक्सेल सफाईने आलेच पाहिजे. कामे मुख्यतः बंगळूर, हैदराबाद, पुणे, मुंबई इथे मिळतात. पहिली नोकरी बहुधा साध्या खर्चलेखनाची असते, तिला कमी लेखू नये.

एक घरगुती अभ्यास सुचवतो. बंगळूरच्या बायोकॉनसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट पाहता येतो. त्यातील संशोधनावरचा खर्च, कर्ज आणि हाती असलेली रोकड हे तीन आकडे तीन वर्षांचे वहीत उतरवा आणि ते का बदलले याचा शोध घ्या. दोन-चार रविवार जातील. पण ज्या मुलाला अगर मुलीला या शोधात गोडी वाटेल, त्याला किंवा तिला या वाटेने पाठवायला आईवडिलांनी मागेपुढे पाहू नये.