काँक्रीट आकसतं का, आणि त्याला आवरायचं कसं?

मंडळी, मागच्या वेळी एक प्रश्न राहून गेला होता. काँक्रीट उच्च ताकदीचं, आत पोलादी तंतूही घातलेले, तरी तडे का जातात? आज तिथूनच सुरुवात करू.

आधी साधा हिशेब. आयएस ४५६:२००० मध्ये, चाचणीची माहिती नसेल तेव्हा, एकूण आकुंचन ०.०००३ धरायला सांगितलं आहे. म्हणजे दहा मीटर लांबीला तीन मिलिमीटर. एवढंसंच वाटतं, हो ना? पण दोन्ही टोकं खांबांनी धरून ठेवलेली असली की काँक्रीट ताणलं जातं. आणि ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा भाग.

उच्च ताकदीसाठी आपण पाणी कमी करतो. सिमेंटची प्रक्रिया पूर्ण व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण ४२ टक्के पाणी लागतं. आपण देतो ३० टक्के, कधी त्याहूनही कमी. मग सिमेंट आतल्या बारीक छिद्रांतलं पाणी ओढून घेतं. छिद्रं अर्धवट रिकामी होतात, उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि भिंतींना आत खेचतो. वरून कितीही पाणी मारलं, तरी इतक्या घट्ट काँक्रीटमध्ये ते खोलवर पोचत नाही.

तंतूंचं काय? ते आकुंचन फारसं थांबवत नाहीत. तडा उघडू लागला की तो धरून ठेवतात. एका रुंद भेगेऐवजी केसासारख्या अनेक भेगा पडतात. मूळ ओढ कमी करायचं काम रसायनांचं.

पहिलं, आकुंचन कमी करणारं द्रव रसायन. जपानमध्ये १९८० च्या दशकात ते वापरात आलं. पाण्याचा पृष्ठताण ते जवळपास निम्म्यावर आणतं, म्हणून खेच कमी होते. मात्रा सिमेंटच्या एक ते दोन टक्के. मात्र सुरुवातीची ताकद थोडी उशिरा येते, आणि हे द्रव मिश्रणाच्या पाण्यातच मोजायचं, हे विसरू नका.

दुसरं, प्रसरण करणारी भुकटी. ती काँक्रीट आधी किंचित फुगवते. तंतू आणि सळ्या ते फुगणं अडवतात, त्यातून थोडा दाब साठतो. पण तिला पाणी मिळालंच पाहिजे. तिसरं, पाणी शोषणारे बारीक कण, बाळांच्या डायपरमध्ये असतात तसे. ते आत पाणी साठवतात आणि गरज पडेल तेव्हा सोडतात.

हे सगळं का करायचं? आपल्या किनारपट्टीवर खारी हवा त्याच भेगांतून सळ्यांपर्यंत पोचते. क्यूब तोडून ताकद कळते, आकुंचन कळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्याच मिश्रणाच्या पट्ट्या ओतून त्यांची लांबी पहिल्या दिवसापासून मोजा. रसायन कुठलं आणि किती, ते त्या मोजणीवर ठरवू.